कर्जतला गाडी का थांबते? बोरघाट, एक कागद आणि सदतीस फुटांचा हिशेब

१/
मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, तेव्हा फलाटावर वड्याचा वास दरवळत असतो आणि गाडीच्या शेपटाला जादा इंजिने जोडली जात असतात. प्रवासी वडा संपवतात, मागून हलकासा धक्का बसतो आणि गाडी पळसदरीकडे सरकू लागते. दिवाडकरांच्या वड्याची कीर्ती जितकी त्याच्या चवीमुळे, तितकीच या सक्तीच्या थांब्यामुळेही पसरली असावी. हा थांबा मात्र मुळात एका आकड्याने घडवलेला आहे. ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. हा आकडा १८५०च्या दशकात कागदावर उतरला आणि आजही त्याची किंमत रोज चुकती केली जाते.

२/
आज मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्या मंडळींत ‘पीआरडी’ हा शब्द रुळलेला आहे. प्रॉडक्ट रिक्वायरमेंट्स डॉक्युमेंट, म्हणजे वस्तू घडवण्यापूर्वी तिच्याकडून काय अपेक्षित आहे हे लिहून ठेवणारा दस्तऐवज. अडचण कोणाची, ती किती मोठी, काय साधायचे, काय या खेपेस साधायचे नाही, आणि साधले हे ओळखायचे कसे, एवढे त्यात असावे लागते. संगणकाच्या जगात अशा लेखनाचे नियम १९८४ साली आयईईई या संस्थेच्या ८३० क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत बांधले गेले. पुढे २००१च्या ‘अजाइल’ जाहीरनाम्याने जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला अधिक मान दिला. तरीही प्रश्न जुनाच राहिला. कागदावर काय लिहावे आणि कोणाला विचारून लिहावे? कर्जत-खालापूरच्या डोंगरात या प्रश्नाचे उत्तर शोधताना हजारो माणसे राबली. त्यांतली कित्येक परत गेली नाहीत.

३/
प्रथम अडचण पाहू. कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत. १८३० साली गव्हर्नर माल्कम यांच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता झाला, आणि बैलगाड्या खोपोलीहून खंडाळ्याला चढू लागल्या. तरी दख्खनचा कापूस मुंबई बंदरात पोहोचेपर्यंत वेळ जाई, माल भिजे, मळे. १८४६ साली अमेरिकेतील कापसाचे पीक बुडाले आणि लँकेशायरच्या गिरणीमालकांचे लक्ष हिंदुस्थानी कापसाकडे अधिकच वळले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा जन्म या हवेतला. १७ ऑगस्ट १८४९ रोजी तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी, आणि बदल्यात प्रत्येक आराखड्यावर सरकारी देखरेख.

४/
हमीचे हे कलम ध्यानात ठेवण्याजोगे आहे. खर्च वाढला तरी भागधारकाला पाच टक्के मिळणारच होते आणि तूट भरून निघणार होती हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे काटकसर करण्याचे बळ ज्याच्या हाती होते, त्याला तिची फारशी निकड नव्हती. अशा व्यवस्थेत काय बांधायचे हे नेमके लिहिणारा कागद अधिकच महत्त्वाचा ठरतो. खर्चाला लगाम घालणारी तीच एक जागा उरते.

५/
कंपनीचे आद्य प्रवर्तक जॉन चॅपमन यांच्या काळातल्या योजनेत रेल्वे माळशेज घाटाने वर न्यायची होती. नवे काही घडवू पाहणाऱ्यांचा हा सनातन दोष. गरज नीट मांडण्याआधीच उत्तर ठरलेले असते. १८५० साली रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या शिफारशीने मुंबईत आलेले मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी डोंगर स्वतः पालथे घातले, तेव्हा माळशेजचा मार्ग व्यवहार्य नाही हे स्पष्ट झाले. त्यांनी मागणी मुळापासून मांडली. इंजिन आपल्या बळावर चढले पाहिजे, माल मध्येच उतरवून पुन्हा भरावा लागता कामा नये, आणि रूळ खालच्या मैदानात आहेत त्याच साडेपाच फुटी मापाचे हवेत. या अटी मान्य केल्यावर मार्गांची निवड आपोआप अरुंद झाली. पुण्याकडे बोरघाट, नाशिककडे थळघाट.

६/
यात ‘काय नको’ हेही आले आणि चांगल्या दस्तऐवजाची ती अर्धी परीक्षा असते. त्या काळी खड्या चढावर वर बसवलेल्या स्थिर यंत्राने दोरखंड ओढून डबे चढवण्याची रीत युरोपात माहीत होती. तिने चढ कितीही खडा चालला असता, मार्ग आखूड झाला असता, बोगदे वाचले असते. पण दोराच्या रेल्वेवरून एका वेळी मोजकेच डबे जातात, आणि दोर तुटला की सारे थांबते. बर्कलींच्या आराखड्यात चढ इंजिनाला पेलेल एवढाच ठेवला गेला. बाकी सारे, म्हणजे वळणे, बोगदे, कमानी, उलटफेर, या एका निर्णयाच्या पोटातून आले.

७/
निष्पन्न झालेला आराखडा असा होता. पायथ्याला पळसदरी, माथ्याला लोणावळ्याजवळचे पठार. लांबी जवळपास १६ मैल, उंचीतला फरक १,८३१ फूट. सरासरी चढ सुमारे ४६ फुटांत एक फूट आणि सर्वांत खडा ३७ फुटांत एक. बोगदे २५, त्यांची एकूण लांबी जवळजवळ चार हजार यार्ड. मोठे कमानपूल आठ. शिवाय सुमारे २० लाख घनयार्ड खोदाई आणि त्याहून अधिक भराव. हे सारे तंतोतंत लिहिले होते, मोजता येण्याजोगे होते, आणि बर्कलींनी डिसेंबर १८५७मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये निबंध वाचून लोकांसमोर ठेवलेही होते. आपला आराखडा भर सभेत समजावून सांगणारा अभियंता दुर्मीळच, हे त्यांच्या श्रेयाला द्यावेच लागेल.

८/
या आराखड्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे खंडाळ्याजवळचे उलटफेरीचे स्थानक, ज्याला इंग्रज ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ म्हणत. डोंगराची सोंड संपली, वळायला जागा उरली नाही, आणि चढ तर ३७च्या आत ठेवायचा होता. मग गाडी सोंडेच्या टोकापर्यंत न्यायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि इंग्रजी व्ही अक्षराच्या दुसऱ्या रेघेवरून उलट दिशेने वर काढायची. आधी लिहिलेली अट मोडू नये म्हणून पत्करलेली ही तडजोड होती. अ‍ॅपवाल्यांच्या भाषेत याला ‘टेक्निकल डेट’ म्हणतात, तांत्रिक कर्ज. हे कर्ज फिटले १९२९ साली. विजेवर चालणारी इंजिने येता येता नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला गेला, तेव्हा ते स्थानक निकामी झाले. सहासष्ट वर्षे प्रत्येक गाडीने त्याचे व्याज भरले.

९/
आता या कागदात काय नव्हते ते पाहू.

१०/
बोरघाटाचा ठेका विल्यम फेव्हिएल या ठेकेदाराला मिळाला. मुंबई-ठाणे हा पहिला मार्ग बांधणाऱ्यांपैकीच हा एक. जानेवारी १८५६मध्ये काम सुरू झाले. त्याच वर्षी १२ मे रोजी रेल्वे पायथ्याच्या खोपोलीपर्यंत आली आणि १४ जून १८५८ रोजी वरचा खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला. जवळपास पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत आणि पालखी, तट्टू किंवा गाडी करून घाट चढत. वर दुसरी रेल्वे उभी असे. खालापूर तालुक्याच्या या कोपऱ्याने इतकी वर्दळ तोवर क्वचितच पाहिली असेल. पूर्ण झालेले दोन तुकडे आणि मधली फट यांमुळे घाटातल्या कामावरचा दाब महिन्यागणिक वाढत गेला.

११/
काम कसे चाले? पहारीने कातळात भोके पाडायची, त्यांत दारू ठासायची, बत्ती द्यायची, पळायचे. जिथे उभे राहायलाही पाय टेकत नसे, तिथे माणसे दोरांनी कड्यावरून खाली सोडली जात. जून ते सप्टेंबर पावसाने काम जवळपास ठप्प. उरलेल्या आठ महिन्यांत वर्षाचा हिशेब पुरा करायचा. १८६१च्या सुमारास घाटात ४२ हजारांहून अधिक माणसे होती. एवढ्या माणसांना पाणी कोठून येणार, ती झोपणार कोठे, मैला कोठे जाणार, याला आराखड्यात बोगद्यांइतके स्थान नव्हते. उन्हाळ्यात झरे आटत आणि पटकी येई. १८५९-६०च्या हंगामात तिने घाटात फार माणसे नेली.

१२/
मजुरीचा प्रश्न तर आणखी अडचणीचा होता. कंपनीचा करार फेव्हिएलशी. फेव्हिएलच्या हाताखाली उपठेकेदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, आणि सर्वांत तळाशी पहार धरणारा हात. पैसा प्रत्येक पायरीवर थोडा अडे. दर आठवड्याला, ठरल्या दिवशी, माणशी इतके, असे कंपनीच्या कागदाने मजुराला काहीच दिलेले नव्हते, कारण मजूर त्या कागदाचा पक्षकारच नव्हता. जानेवारी १८५९मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल उसळली. एक युरोपीय माणूस मारला गेला. सरकारला चौकशी करावी लागली. त्याच वर्षी फेव्हिएलने ठेका सोडला.

१३/
पुढच्याच वर्षी, १८६० साली, सरकारने मालक आणि कामगार यांच्यातील तंट्यांबाबतचा ९ क्रमांकाचा कायदा केला. रेल्वे, कालवे यांसारख्या कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत अशी त्यात सोय होती. कराराच्या कागदात जे कलम घालायचे राहिले, ते दंगलीनंतर अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात गेले. अर्थात हा कायदा मजुराच्या कनवाळूपणातून आला असे मानण्याचे कारण नाही. काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याची तरतूदही त्यातच होती. तरीसुद्धा मजूर हा या व्यवहाराचा एक पक्ष आहे, हे सरकारी कागदावर येण्याला बोरघाटाची धग कारण झाली, एवढे म्हणता येते.

१४/
फेव्हिएलनंतर सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच, नोव्हेंबर १८५९च्या अखेरीस, आजाराने वारला. ठेका त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिच्याकडे आला. तिने तो परत केला नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांना व्यवस्थापक नेमून तिने काम शेवटास नेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इतक्या मोठ्या बांधकामाचा ठेका एका स्त्रीच्या नावावर असणे ही साधी गोष्ट नव्हे, पण घाटातल्या पाट्यांवर तिचे नाव शोधून सापडायचे नाही. बर्कली स्वतःही शेवट पाहू शकले नाहीत. प्रकृती ढासळल्याने ते इंग्लंडला परतले आणि ऑगस्ट १८६२मध्ये निवर्तले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले.

१५/
कथा इथे संपली असती तर ती विजयकथा झाली असती. पण १९ जुलै १८६७ रोजी, उद्घाटनानंतरच्या पाचव्या पावसाळ्यात, आठ कमानपुलांपैकी ‘म्हाऊ-की-मल्ली’ या नावाने नोंदला गेलेला पूल कोसळला. कारण दगडकामाच्या कच्चेपणात सापडले. त्यानंतर कंपनीच्या इतर पुलांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले आणि त्यांतले अनेक पुन्हा बांधावे लागले.

१६/
हा प्रसंग जरा थांबून पाहण्यासारखा आहे. चढ मोजता येतो, वळणाची त्रिज्या मोजता येते, बोगद्याची लांबी तर कोणीही फीत लावून पाहू शकतो. त्यामुळे या गोष्टी कागदावर आल्या आणि प्रत्यक्षातही बरहुकूम उतरल्या. आजही रूळ त्याच डोंगरधारेने जातात. पण खांबाच्या दर्शनी घडीव दगडाच्या मागे काय भरले आहे, चुना किती मुरला आहे, पावसाळ्यापूर्वी काम उरकण्याच्या घाईत कोणता थर कच्चा राहिला आहे, हे फीत लावून कळत नाही. ‘काम उत्तम प्रतीचे असावे’ असे वाक्य कोणत्याही करारात असते आणि त्या वाक्याने आजवर एकही खांब उभा ठेवलेला नाही. उत्तम म्हणजे काय, ते कोणी, केव्हा, कोणत्या थरावर तपासायचे, हे लिहिले तरच त्या शब्दाला वजन येते. अ‍ॅपच्या दस्तऐवजात ‘अ‍ॅप वेगवान असावे’ असे लिहिणारा आणि ‘कमकुवत नेटवर्कवर तिकीट तीन सेकंदांत दिसावे’ असे लिहिणारा यांच्यात हाच फरक असतो.

१७/
याच तालुक्यात, चाळीसेक वर्षांनी, अगदी वेगळ्या स्वभावाचा दस्तऐवज लिहिणारा माणूस आला. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. पूर्वी जीआयपीच्याच नोकरीत असलेल्या या अभियंत्याने १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेसाठी एक अट सर्वांच्या वर ठेवली होती. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नको. मग इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा. ही एक अट पाळली की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, भराव कमी लागतो, आणि गरीब मुलखालाही रेल्वे परवडते. गाड्या हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी त्याने इंग्लंडात लीड्सजवळ रूळ टाकून त्या चालवून दाखवल्या होत्या. (हाच माणूस पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या नादाला लागला. त्याला माणसांचा जीव कशाने वाचेल हा प्रश्न कायम छळत असावा.)

१८/
नेरळ-माथेरान रेल्वेचा सल्लागार अभियंता कॅल्थ्रॉप होता. पैसा सर आदमजी पीरभॉय यांचा, ध्यास त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांचा. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावली. अट इथे बोरघाटाच्या उलट होती. माल आणि फौजा न्यायच्या नव्हत्या, हवा खायला जाणारी माणसे वर न्यायची होती. तेव्हा रुंदी दोन फूट चालेल, वेग अत्यल्प चालेल, चढ २० फुटांत एक चालेल, आणि वळणे डोंगर म्हणेल तशी. म्हणून तर साऱ्या मार्गावर एकच छोटासा बोगदा आहे. अशा नागमोडी वळणांत ताठ चाकांचे इंजिन रुळावरून उतरले असते. त्यामुळे ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीकडून घेतलेल्या इंजिनांत टोकाचे आस वळणानुसार सरकू शकतील अशी क्लिएन-लिंडनर रचना होती. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. यंत्राकडून काय होणार नाही याची ही प्रामाणिक कबुली आहे.

१९/
एकाच तालुक्यातले दोन डोंगर, दोन चढ. ३७ आणि २०. यांतला कोणता आकडा बरोबर, या प्रश्नाला अर्थ नाही, कारण दोघांच्या मागची माणसे आणि ओझी निराळी होती. एकाचा आराखडा दुसऱ्या डोंगरावर टाकला असता तर माथेरानला रेल्वे कधीच परवडली नसती आणि दख्खनचा कापूस घाटातच राहिला असता. दुसऱ्या कोणाचा तयार दस्तऐवज उचलून त्यात नावे बदलणाऱ्यांनी नेरळ स्थानकावर उभे राहून दोन्ही रुळांकडे एकदा पाहावे.

२०/
आणि आता फोनवरचे तिकीट. कर्जत आणि खोपोली ही मध्य रेल्वेच्या उपनगरी सेवेची टोके. केळवली, डोलवली, लौजी अशा लहान स्थानकांवरून रोज मुंबईला जाणाऱ्यांसाठी तिकिटाची रांग म्हणजे हुकलेली लोकल. रेल्वेची माहितीतंत्र संस्था ‘क्रिस’ हिने बनवलेले यूटीएस अ‍ॅप २०१४मध्ये मुंबईत आले. त्याच्या मुळाशी एक साधी पण कठीण गरज होती. तिकीट घरबसल्या मिळावे, पण तपासनीस समोर दिसल्यावर डब्यात बसून काढता येऊ नये. म्हणून उपग्रहाच्या आधारे फोनची जागा पाहायची आणि रुळांच्या अगदी जवळ असलेल्याला कागदविरहित तिकीट नाकारायचे, असे ठरले.

२१/
या अटीला दोन कडा होत्या. आतली कड फुकट्या प्रवाशाला रोखण्यासाठी, आणि बाहेरची कड, म्हणजे स्थानकापासून ठराविक किलोमीटरांपलीकडून तिकीट न देण्याची. आतल्या कडेमागचे कारण सरळ आहे. बाहेरची कड मात्र कोणाची गरज भागवत होती? कर्जत-खालापूरच्या आतल्या गावांतून, वाड्यांतून टमटमने स्थानकाकडे येणारा माणूस घरून निघतानाच तिकीट काढू पाहील, हे कागद लिहिताना कोणाच्या डोळ्यांसमोर नसावे. वर्षानुवर्षे ती मर्यादा थोडीथोडी सैल होत गेली, आणि मे २०२४मध्ये बाहेरची कड काढून टाकण्यात आली. आतली तेवढी राहिली.

२२/
बोरघाटातही एक कड आता पुसट होऊ लागली आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिच्या डब्यांखालीच मोटारी असल्याने ती मागून ढकलणाऱ्या इंजिनांशिवाय घाट चढते. चढ मात्र अजून तोच आहे. जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल ओलांडताना तीही ३७ फुटांमागे एक फूट वर जाते. बाकीच्या बहुतेक गाड्या अजून कर्जतला थांबतात, मागून धक्का बसेपर्यंत.